पहिली सिगरेट हातात कोण ठेवतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे. दप्तर धुवायला काढलं तेव्हा आतल्या कप्प्यात लायटर आणि पुदिन्याच्या गोळ्या निघाल्या. घरात कोणी सिगरेट ओढत नाही, त्याचे बाबा मुंबईला नोकरीला, घरी तुम्ही आणि सासूबाई. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हा कुणाच्या नादाला लागला ते कसं शोधायचं, आणि त्याच्या बाबांना सांगायचं का. मी दापोली तालुक्यात दातांचा दवाखाना चालवते, शाळांमध्ये तंबाखूबद्दल बोलायलाही जाते. दात-हिरड्या बघताना ही गोष्ट पुष्कळदा आईबापांच्या आधी मला कळते, त्यामुळे या वयाच्या पोरांशी यावर भरपूर बोलणं झालंय. त्या जोरावर सांगते.

नादाला लावणारा एखादा वाईट मुलगा शोधत बसू नका. बहुतेक वेळा तो नसतोच. पोरगा पहिली सिगरेट घेतो ती त्याला आवडणाऱ्या माणसाकडून. मुंबईहून आलेला चुलतभाऊ, टीमचा कॅप्टन, होडीवर जाणारा मामा. ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं त्याच्याकडून. म्हणूनच आईबापांना ती वाट दिसत नाही. आपण शेजारच्या उनाड पोरावर डोळा ठेवून असतो आणि सिगरेट येते ती घरच्याच दादाच्या हातून.

गणपतीचं बघा. चाकरमानी येतात, घर भरतं. रात्री आरत्या-भजनं आटोपली की मोठी माणसं पडवीत पत्ते मांडतात आणि विशी-पंचविशीतले दादालोक मागीलदारी किंवा पाणंदीत जाऊन उभे राहतात. चौदा वर्षांच्या पोराने जायचं कुठे? पडवीत त्याला "जा, झोप जा" म्हणतात. पाणंदीत त्याला कोणी हाकलत नाही. तिथे त्याला "ओढ" असंही कोणी म्हणत नाही, हे नीट लक्षात घ्या. गप्पा चाललेल्या असतात लोकलच्या, कंपनीतल्या साहेबाच्या, कुठल्याशा मुलीच्या. सिगरेट हातोहात फिरत असते आणि फिरता फिरता त्याच्यापर्यंत येते. त्याला धुराची हौस नसते, त्या घोळक्यात उभं राहायची असते. तिथे नको म्हटलं तर परत घरात, बारक्या पोरांत जाऊन पडायचं. एका मुलाने मला खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, "मॅडम, मला लय खोकला आला, सगळे हसले. पण दादानं पाठीवर थाप मारली ना." बाकी त्या रात्रीचं त्याला काही आठवत नव्हतं, ती थाप तेवढी आठवत होती.

दुसरी वाट याहून साधी, आणि ती आपण मोठ्यांनीच पाडलेली आहे. "जा रे, दुकानातून आणून दे." आपल्याकडे पोराला तंबाखूची पुडी, विडीचं बंडल आणायला पाठवण्यात कोणालाच वावगं वाटत नाही. सहा-सात वर्षांचं पोरही जातं. दुकानदार काही विचारत नाही, कारण "आजोबांनी सांगितलंय". पुढे हाच पोरगा स्वतःसाठी गेला तरी तोच दुकानदार, तेच वाक्य. विडीची तर आणखी एक गोष्ट आहे. ती झुरके घेत राहिलं नाही तर विझते. आजोबांसाठी चुलीवर पेटवून पडवीत न्यायची तर ती जिती ठेवायला दोन झुरके मारावेच लागतात. किती तरी पोरांचा पहिला धूर असा, आजोबांची सेवा करता करता आत गेलेला असतो. देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांचं २०१९ मध्ये मोठं सर्वेक्षण झालं. त्यात विडी ओढलेल्या मुलांचं सुरुवातीचं वय साधारण साडेदहा निघालं, सिगरेटचं साडेअकरा आणि तोंडात धरायच्या तंबाखूचं तर दहाच्याही आत. साडेदहा म्हणजे पाचवीतलं पोर. त्या वयात वाईट संगत कुठली आलीय? ती घरातली आणि दुकानाच्या वाटेवरची गोष्ट आहे.

किनाऱ्यावरच्या गावांत याला हल्ली आणखी एक तोंड फुटलंय. मुरूड, कर्दे, लाडघरला शनिवार-रविवारी पर्यटक येतात. पोरं घरच्या खोल्यांवर चहापाणी पोचवतात, घोडागाडीपाशी, बोटींपाशी असतात. "बाळा, एक पाकीट घेऊन ये, उरलेले ठेव तुला." पाहुणा सहज बोलून जातो, त्यात त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पोराला एकाच फेरीत तीन गोष्टी कळतात. पैसेवाली, शहरातली माणसं हेच करतात, आपल्याला कोणी अडवत नाही, आणि यात वर पैसेही सुटतात.

पैशाचंही बोललं पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला पोरं जातात. हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तेव्हा टोपल्या उचलायला, बर्फ वाहायला जातात. कष्टाची कमाई आहे, त्यात काही गैर नाही, मी कधीच पोरांना नको म्हणत नाही. पण तिथे ती दिवसभर मोठ्या माणसांच्या बरोबरीने राबतात, आणि राबणाऱ्यांची विश्रांती म्हणजे विडीचा नाही तर तंबाखू मळायचा वेळ. ज्याला तंबाखू नको त्याला काम थांबवायला निमित्तच नसतं. ज्या होड्या रात्री समुद्रात राहतात त्यांच्यावर तर जागं राहण्यासाठी खलाशी तोंडात काही ना काही धरतातच. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा होडीवर गेला की तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, डब्यातूनच त्याला तंबाखूची चिमूट मिळते, तीही मायेने: "घे, झोप येणार नाय."

क्रिकेटचं तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल, कारण खेळणारा पोरगा निर्व्यसनी असं आपण धरून चालतो. भातकापणी झाली की मळ्यात पिचं तयार होतात, वाडीवाडीच्या टीमा, रात्रीच्या स्पर्धा. या टीममध्ये पंधरा वर्षांचा चपळ फिल्डर आणि तीस वर्षांचा कॅप्टन एकत्र असतात. शाळेत पोरगा आपल्या वयाच्या पोरांत असतो, इथे मोठ्यांत. मॅच संपल्यावर टेंपोच्या मागे बसून परत येताना काय फिरतं, यावर सगळं ठरतं. याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. ज्या टीमचा कॅप्टन स्वतः ओढत नाही आणि "माझ्या पोरांनी ओढलेली चालणार नाही" असं उघड म्हणतो, त्या टीममधली पोरं बरीचशी सुटतात. आवडता माणूस दोन्हीकडे नेऊ शकतो.

आता टपरी. एकदा दहा मिनिटं उभं राहून नुसतं बघा. पुढे गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या, बरोबर पोराच्या नजरेच्या उंचीवर. त्यांच्यामागे सिगरेटची पाकिटं, वर पुड्यांच्या माळा, खांबाला जळती सुंभाची दोरी नाही तर सुतळीला बांधलेला लायटर. पोरगा येतो, एक सुट्टी घेतो आणि वर एक पुदिन्याची गोळी. पाकिटाचे पैसे त्याच्याकडे नसतात, एका सिगरेटचे असतात. पाकिटाच्या दोन्ही बाजूंना ८५ टक्के भागावर ते कॅन्सरचं चित्र छापणं २०१६ पासून सक्तीचं आहे, पण सुट्टी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. चित्र बघतो तो टपरीवाला. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगरेट-विडी विकायला बंदी घातली. बंदी कागदावर आहे, पण टपरीवर मला ती अजून दिसलेली नाही. पोरांनी सुरुवात करण्यामागे जी कारणं सांगतात त्यात ताणतणाव, कुतूहल, सिनेमा सगळं येतं आणि ते खरंही आहे. पण कुतूहल तर सगळ्याच पोरांना असतं. ते भागवायला दहा-वीस रुपये आणि चाळीस पावलं पुरतात की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

सिनेमाचं थोडक्यात सांगते. पडद्यावर हिरोला ओढताना जास्त पाहिलेली मुलं सिगरेट चाखायची शक्यता जास्त असते, हे परदेशात पुन्हा पुन्हा दिसून आलंय. आपल्याकडे सिनेमात इशारा दाखवावा लागतो आणि सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही तो नियम लागू झाला. मोबाइलवरच्या रीलला मात्र इशारा नसतो, आणि पोरं बघतात ती रीलच. जाहिरातीवर बंदी आहे, तरी वेलचीच्या आणि पानमसाल्याच्या नावाखाली तीच नावं, तेच रंग, मोठमोठे नट घेऊन घरात येतातच.

पहिली सिगरेट आणि पाचवी-दहावी सिगरेट यांची कारणं एक नसतात, आणि या फरकाकडे फार कमी लोक लक्ष देतात. पहिली माणसामुळे होते. नंतरच्या मेंदूमुळे होतात. धूर आत घेतल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. पुढचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. त्यामुळे या वयात निकोटीनची पकड मोठ्यांपेक्षा लवकर बसते. रोज ओढायला लागण्याआधीच, आठवड्याला दोन-चार ओढणाऱ्या काही मुलांना तलफ जाणवायला लागते. "मी काय रोज ओढत नाही" हे पोराचं म्हणणं खरं असतं आणि तरीही तो अडकायला लागलेला असू शकतो.

दहावीची पोरं मला सांगतात, सिगरेटने टेन्शन जातं. मी त्यांना विचारते, कुठलं टेन्शन? निकोटीन उतरलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि पुढची सिगरेट ओढली की तेवढीच चिडचिड जाते. घट्ट चप्पल दिवसभर घालून फिरायचं आणि काढल्यावर किती बरं वाटलं म्हणायचं, तसलं ते बरं वाटणं आहे. हे पोरांना पटतं. पन्नाशीत कॅन्सर होईल हे पटत नाही. पंधरा वर्षांच्या पोराला पन्नाशी दिसतच नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याऐवजी रनअपला दम लागतो, तोंडाला वास येतो, महिन्याला किती पैसे जातात, हे आजचं बोलावं. अजून एक गोष्ट त्यांना मनापासून झोंबते, ती म्हणजे कंपन्या त्यांच्यावर कसा डोळा ठेवून असतात ती. अमेरिकेत एका सिगरेटच्या जाहिरातीत गॉगल घातलेला कार्टून उंट होता. १९९१ साली तिथे तपासलं तेव्हा सहा वर्षांची मुलं त्या उंटाला मिकी माऊसच्या चित्राइतकंच ओळखत होती. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते. आपल्याला कोणी तरी गिऱ्हाईक म्हणून हेरलंय, हे या वयात सहन होत नाही. तो राग चांगला आहे, तो वाढू द्यावा.

"सगळेच ओढतात" हेही तुम्ही त्याच्याकडून ऐकाल. मघाच्या त्याच सर्वेक्षणात त्या वेळी कुठल्याही स्वरूपात तंबाखू घेणारी मुलं ८.५ टक्के निघाली. साठ जणांच्या वर्गात पाच. पंचावन्न जण घेत नाहीत, पण ते काही मैदानाच्या कडेला घोळका करून उभे राहत नाहीत, म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. हा हिशेब त्याला करून दाखवा. आणि त्यात मुलगे ९.६ आणि मुली ७.४ टक्के, म्हणजे मुलींकडे दुर्लक्ष करण्यासारखी स्थिती नाही.

इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य परत वाचते. घरात कोणी ओढत नाही, असं तुम्ही म्हणता. मशेरी, म्हणजे भाजलेला तंबाखू दाताला, कोणी लावतं का? सासूबाईंबद्दल विचारते, रागावू नका. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या घरांतला तंबाखू बहुतेक धुराचा नसतोच, तो डबीतला असतो, आणि तो आपल्याला व्यसन वाटत नाही. सकाळी तव्यावर मशेरी भाजल्याचा वास ज्या घरात रोज येतो, आजीला ती लावल्याशिवाय शौचाला होत नाही असं ज्या घरात सगळे कौतुकाने सांगतात, त्या घरातल्या पोराला तंबाखू परका वाटत नाही. मी कुठल्याही आजीला दोष देत नाही. तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. पण नातवंडाच्या दाताला मशेरी लावायची नाही, त्याला आणायला पाठवायचं नाही, एवढं मात्र त्यांच्याशी बोला. आजीने स्वतःहून नातवाला "माझी सुटत नाय रे बाबा, तू लागू नको" म्हटलं तर माझ्या व्याख्यानापेक्षा ते जास्त लागू पडतं.

दोन वर्षांनी तो अकरावीला दापोलीला नाही तर खेड-चिपळूणला जाईल. तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते. कॉलेज दुपारी बाराला सुटतं आणि गावाकडची एसटी तीनला असते. हे मधले तीन तास पोरं स्टँडवर काढतात. लायब्ररी बंद, मैदानावर ऊन, हॉटेलात बसायला पैसे नाहीत. स्टँडबाहेरच्या टपरीच्या सावलीत उभं राहायला काही लागत नाही. चांगली, घरची शिस्त असलेली पोरं या तीन तासांत लागलेली मी पाहिली आहेत. अकरावीला प्रवेश घेताना कॉलेजची टक्केवारी बघतो तशी एसटीची वेळही बघावी आणि त्या तीन तासांत तो कुठे असेल याची सोय लावावी. क्लास, व्यायामशाळा, मामाचं दुकान, काहीही चालेल.

आणि मोठं झाल्यावर येणारी एक वस्तू ओळखून ठेवा. पेनासारखी किंवा पेनड्राइव्हसारखी दिसणारी, गोड वासाची ई-सिगरेट. २०१९ पासून तिच्यावर देशात बंदी आहे, पण पर्यटकांच्या आणि मुंबईच्या भावंडांच्या बॅगांतून ती इथवर येते. तिला धुराचा वास नसतो, त्यामुळे घरात पत्ता लागत नाही.

आता करायचं काय. लायटर दप्तरात आहे म्हणजे तो रोज ओढतो असं नाही. घोळक्यात लायटर बहुधा अशा पोराकडे ठेवतात ज्याच्या घरी संशय येणार नाही. मात्र गोळ्या आहेत म्हणजे वास लपवावा लागलाय, तेव्हा चाखून झालेलं असणार. मारू नका, दप्तरं तपासत बसू नका. मार खाल्लेला पोरगा ओढायचं सोडत नाही, तो लपवायला शिकतो. समोरासमोर बसवून उलटतपासणीही नको. अंगणात काम करता करता, गाडीवरून जाता जाता बोला, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. "लायटर मला मिळाला. मला राग आलाय आणि भीतीही वाटतेय. पण आधी मी ऐकणार आहे." एवढं म्हणा आणि थांबा. "किती ओढल्यास?" विचारलंत तर तो खोटं बोलेल. "पहिल्यांदा कुठे होतास? तेव्हा बरोबर कोण होतं?" हे विचारा. तो नाव सांगेल तेव्हा त्या माणसाला शिव्या देऊ नका. तो त्याचा आवडता माणूस आहे, तुम्ही त्याला बोललात की हा त्याच्या बाजूने उभा राहील. त्या माणसाशी नंतर, वेगळं बोलायचं.

मग त्याला नाही म्हणायचं वाक्य शोधून द्या. "माझी आई ओरडते" हे वाक्य घोळक्यात चालत नाही, त्याने पोर आणखीच बारकं ठरतं. "दम लागतो रे, उद्या मॅच आहे" हे चालतं. असं वाक्य त्याने स्वतः ठरवलेलं असेल तर उत्तम. मी शाळेत पोरांना हे मोठ्याने म्हणायला लावते, आधी लाजतात, मग एकमेकांना एकेक सुचवायला लागतात.

त्याच्या बाबांना सांगा. पण आधी मुलाला सांगा की मी बाबांना सांगणार आहे. पाठीमागून कळलं तर पुढच्या वेळी तो तुमच्याशी बोलणार नाही. बाबांना फोनवर ओरडायला लावू नका, त्यांच्याकडे एकच काम द्या: ज्या भावाचं किंवा काकाचं नाव निघेल त्याच्याशी बोलायचं. "तो तुझ्याकडे बघून शिकतोय, त्याच्यासमोर पेटवू नकोस, त्याला आणायला पाठवू नकोस." हे बाईमाणसाने सांगितलेलं दादालोक हसण्यावारी नेतात, काकांनी सांगितलेलं ऐकतात. दुर्दैव आहे, पण आपल्याकडे असंच आहे. बाबा स्वतः मुंबईत ओढत असतील तर तेही मुलाशी मोकळेपणाने बोलावं. ओढणाऱ्या बापाने "मी अडकलोय, तू नको" म्हटलेलंही पोरं मानतात. गप्प बसलेल्या बापाचा अर्थ मात्र पोरं होकार असा काढतात.

सकाळी उठल्यावर त्याला तलफ येते, न मिळाल्यास चिडचिड होते, किंवा तो स्वतःच म्हणतो की सोडायचं आहे पण जमत नाही, असं असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत. त्याला स्वतःला करू दिलात तर आणखी चांगलं. निकोटीनचं च्युइंगम दुकानातून आणून देऊ नका, या वयात ते डॉक्टरांना विचारूनच. माझ्याकडे किंवा जवळच्या दंतवैद्याकडे दात साफ करायला घेऊन या आणि आत त्याला एकट्याला पाठवा.

राहिली टपरी. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांत तो विकणं, दोन्हीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवाला गावचाच, ओळखीचा असतो, एकट्या आईने जाऊन भांडण्यात अर्थ नाही. शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या, मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायतीला पत्र द्या. सरपंच, पोलीस पाटील आणि दोन-तीन पालक मिळून प्रत्येक दुकानात जा आणि एवढंच सांगा: पोर कोणाचंही नाव सांगो, त्याच्या हातात द्यायचं नाही, ज्याला पाहिजे त्याने स्वतः यावं. ही फेरी श्रावणातच उरका, म्हणजे चाकरमानी यायच्या आत दुकानदारांच्या कानावर गेलेलं असेल.